पत्त्यात गाव नसलेली पलटण

साताऱ्याकडच्या एखाद्या घरातून ईशान्येतल्या जवानाला पत्र जायचं, तेव्हा पाकिटावर त्याचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण लिहायची. खाली एकच ओळ असायची, मार्फत 99 ए.पी.ओ. ना गाव, ना जिल्हा, ना राज्य. पूर्वेकडच्या साऱ्या लष्करी टपालाला तो एकच आकडा. पोरगा काश्मीरकडे गेला की 99 च्या जागी 56 यायचा, आणि बदली कुठे झाली याबद्दल घरच्यांनी तेवढ्यावरूनच काय ते समजून घ्यायचं.

21 पॅरा (स्पेशल फोर्सेस) ही पलटण आपली अर्धीअधिक कारकीर्द या 99 च्या आड जगली आहे. लष्करात तिला ‘वाघनख’ म्हणतात. तिच्या मोहिमांचे कागद बंद कपाटात असतात. पलटणीतले लोक बोलत नाहीत, आणि बोलू नये हेच त्यांना पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. त्यामुळे तिचा इतिहास जेवढा बाहेर आला आहे, तेवढा बराचसा घरच्या माणसांमुळे आला आहे: आईच्या आठवणींतून, पत्नीने घेतलेल्या एखाद्या निर्णयातून, क्वचित कोर्टातल्या याचिकेतूनही. या पलटणीची ओळख करून घ्यायची तर त्या घरांपाशी जावं लागतं. आणि ती घरं एकाच बाजूची नाहीत.

तिचा जन्म मराठी आहे. 1985 साली ती 21 मराठा लाइट इन्फन्ट्री म्हणून उभी राहिली. ज्या रेजिमेंटची पहिली बटालियन, जंगी पलटण, 1768 सालची. जिच्या जवानाला अख्खं लष्कर प्रेमाने ‘गणपत’ म्हणतं. जिचं केंद्र बेळगावात आहे आणि जिची युद्धगर्जना ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही आहे, त्या रेजिमेंटचं हे धाकटं अपत्य. 1996 मध्ये तिला पॅराशूट रेजिमेंटमध्ये घेऊन स्पेशल फोर्सेसचं रूप देण्यात आलं. आता तिथे देशभरातून स्वेच्छेने आलेले जवान असतात, पण वाघनख हे नाव कायम राहिलं. प्रतापगडाच्या पायथ्याशी 10 नोव्हेंबर 1659 रोजी अफझलखानाच्या भेटीत काय घडलं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै 2024 मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा ती पाहायला रांगा लागल्या. हेच नाव मिरवणारी एक पलटण दूर पूर्वेच्या जंगलात असते, हे त्या रांगेतल्या किती जणांना ठाऊक असेल?

भारतातल्या कमांडो पलटणींची सुरुवात 1965 च्या युद्धात झाली. मेजर मेघसिंग यांनी निवडक माणसं घेऊन ‘मेघदूत फोर्स’ उभा केला आणि पाकिस्तानी फळीमागे घुसून धाडी घातल्या. त्यातूनच 1966 मध्ये 9 पॅरा कमांडो ही पलटण झाली, पुढच्या वर्षी 10 पॅरा, आणि 1978 मध्ये 1 पॅराचंही रूपांतर झालं. एकीने डोंगर घेतला, दुसरीने वाळवंट. पूर्वेचं जंगल मात्र उरलं होतं. नागा टेकड्यांत पन्नासच्या दशकापासून बंडखोरी धुमसत होती, मिझोराममध्ये वीस वर्षं रक्त सांडून 1986 मध्ये करार झाला होता, आणि आसामात उल्फा या बंडखोर संघटनेविरुद्ध 1990 मध्ये ‘ऑपरेशन बजरंग’, 1991 मध्ये ‘ऑपरेशन ऱ्हायनो’ सुरू झालं होतं. 21 पॅराला या जंगलासाठी घडवलं गेलं.

स्पेशल फोर्सेसमध्ये हुकमाने कोणी जात नाही. आधी अर्ज, मग अनेक महिन्यांचं प्रोबेशन. पाठीवर ओझं घेऊन लांबलचक दौडी, झोपेविना काढलेले दिवस, अंगात त्राण नसताना नकाशा वाचून दाखवायचा, गणित सोडवायचं, दारूगोळ्याचा हिशोब द्यायचा. कोणत्याही क्षणी ‘मला परत जायचं आहे’ म्हणायची मुभा असते, आणि बहुतेक जण ती वापरतात. उरतात त्यांना मरून टोपी आणि ‘बलिदान’ असं देवनागरीत कोरलेला बिल्ला मिळतो. आग्र्याला विमानातून पाच उड्या मारल्या की छातीवर पंख येतात. हे सगळं सिनेमांनी दाखवून झालं आहे. खरं काम त्यापुढे सुरू होतं, आणि ते सिनेमाला परवडणार नाही इतकं संथ आहे.

पाटकाईच्या डोंगरात बांबूचं रान इतकं दाट असतं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. अशा रानातून पाच-सहा जणांचं स्क्वाड रात्री चालतं. पायवाट टाळायची, कारण पायवाटेवर समोरचाही दबा धरून असू शकतो. वस्ती टाळायची, कारण कुत्री भुंकतात. चूल पेटवायची नाही, धुराचा वास दरी ओलांडून जातो. म्हणून पाठपिशवीत शक्करपारे आणि सुकामेवा. पाऊस लागला तरी प्लास्टिकचा रेनकोट घालता येत नाही, त्याच्या सळसळीने माणूस कळतो. जळवा बुटाच्या फटीतून आत शिरतात, आणि हालचाल करायची नसल्यामुळे त्या पोट भरून आपोआप गळेपर्यंत तशाच राहू द्यायच्या. असं चालून ठरलेल्या जागी पोचलं की एक दिवस, दोन दिवस पालापाचोळ्यात पडून राहायचं. बहुतेक वेळा कोणीच येत नाही. मग तसंच परत.

मिझोराममधल्या वैरेंगटे इथे लष्कराचं बंडखोरीविरोधी आणि जंगल युद्धाचं विद्यालय आहे. गनिमाशी गनिमासारखं लढा, हे त्याचं सूत्र. पण गनीम त्या गावचा असतो, तिथली भाषा बोलतो, तिथेच जेवतो. स्क्वाड परकं असतं. ही दरी भरून काढायला एकच गोष्ट असते: खबर. कोणी तरी सांगतं की अमुक दिवशी अमुक वाटेने माणसं जाणार आहेत, आणि सगळं त्या एका वाक्यावर उभं राहतं. खबर पक्की असेल तर या पलटणीसारखं हत्यार नाही. खबर चुकली तर काय होतं, तेही याच पलटणीच्या नावावर लिहिलं गेलं आहे.

4 जून 2015 रोजी मणिपूरच्या चंदेल जिल्ह्यात 6 डोग्रा बटालियनच्या ताफ्यावर हल्ला झाला आणि 18 जवान मारले गेले. हल्ला करणाऱ्या, एनएससीएन या नागा बंडखोर संघटनेच्या खापलांग गटाने त्याच वर्षी मार्चमध्ये शस्त्रसंधी मोडली होती. पाच दिवसांनी, 9 जूनच्या पहाटे, 21 पॅराच्या तुकड्यांनी म्यानमारच्या सीमेलगतच्या दोन तळांवर धाड घातली आणि आपला एकही जवान न गमावता त्या परतल्या. या कारवाईसाठी लेफ्टनंट कर्नल नेक्टर संजेनबाम यांना कीर्ती चक्र मिळालं. ते स्वतः मणिपूरचे. लष्कराचं निवेदन मोजून-मापून होतं. गाजावाजा झाला तो टीव्हीवर आणि राजकारण्यांच्या तोंडून. किती बंडखोर मारले गेले याचे आकडे ज्याच्या-त्याच्या उत्साहाप्रमाणे फुगत गेले, आणि आपल्या हद्दीत काही घडलंच नाही असं म्यानमारने सांगून टाकलं. वर्षानुवर्षं गप्प राहून ज्यांनी हे काम केलं, त्यांच्या कामाचा असा बाजार होणं बरं नव्हतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या पलटणीचं नाव साताऱ्यात घरोघरी पोचलं. कर्नल संतोष महाडिक सातारा तालुक्यातल्या पोगरवाडीचे. देशातली पहिली सैनिक शाळा 1961 मध्ये साताऱ्यात सुरू झाली, तिचे ते विद्यार्थी; फुटबॉलमध्ये गोलरक्षक, मुष्टियुद्धात आणि घोडेस्वारीतही तरबेज. 21 पॅरामध्ये त्यांची जडणघडण झाली आणि ईशान्येतल्या ‘ऑपरेशन ऱ्हायनो’मधल्या कामगिरीबद्दल 2003 मध्ये त्यांना सेना पदक मिळालं. 2015 मध्ये ते कुपवाड्यात 41 राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते. राष्ट्रीय रायफल्सची ही बटालियन मराठा लाइट इन्फन्ट्रीतूनच उभी राहिलेली, म्हणजे एका अर्थाने ते आपल्याच घरी परतले होते. तिथल्या तरुणांना शाळेकडे, मैदानाकडे वळवायचं काम त्यांनी मनापासून केलं. सीमेपलीकडून घुसलेल्या अतिरेक्यांचा माग हाजी नाका परिसरातल्या रानात चालू होता. बटालियनचा कमांडिंग ऑफिसर मागे तळावर राहून सूत्रं हलवू शकतो. महाडिक पुढे गेले. 17 नोव्हेंबरला त्यांना गोळ्या लागल्या आणि ते गेले. मरणोत्तर शौर्य चक्र जाहीर झालं. पोगरवाडीतल्या अंत्यसंस्काराला संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर आले होते.

सातारा जिल्ह्याला असे निरोप नवे नाहीत. याच जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागतं; पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण कामी आले. पण पोगरवाडीच्या घरात पुढे जे झालं, त्याला सहसा उदाहरण सापडत नाही. कर्नल महाडिकांच्या पत्नी स्वाती तेव्हा शिक्षिका होत्या, दोन मुलांच्या आई. नवऱ्याचं पहिलं प्रेम वर्दी आणि पलटण होतं, तर ती वर्दी आपणच घालावी, असं त्यांनी ठरवलं. वय आड येत होतं. लष्करप्रमुखांच्या शिफारशीवर पर्रीकरांनी ती अट शिथिल केली. पुढची अट कोणी शिथिल करत नाही: लष्करी निवड मंडळाच्या (एसएसबी) चाचण्या, आणि नंतर चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतले 11 महिने, वयाने कितीतरी लहान मुलामुलींच्या बरोबरीने पळणं, दोर चढणं, ओझं वाहणं. मुलांना वसतिगृहात ठेवावं लागलं. 9 सप्टेंबर 2017 रोजी त्या लेफ्टनंट झाल्या आणि आर्मी ऑर्डनन्स कोअरमध्ये रुजू झाल्या. त्याच दिवशी निधी दुबे या आणखी एका जवानाच्या पत्नीनेही तीच शपथ घेतली.

कमिशनच्या दिवशी संचलन संपलं की अकादमीत एक छोटासा विधी असतो. नव्या अधिकाऱ्याच्या खांद्यावरच्या ताऱ्यांवर कापडी पट्टी असते, ती घरच्यांनी आपल्या हाताने काढायची. एरवी आई-वडील असतात. ज्या घरात आधीच एकाची वर्दी तिरंग्याबरोबर परत आलेली आहे, तिथे ती पट्टी काढताना बोटं काय म्हणत असतील, याचा अंदाज बाहेरच्याने बांधू नये. एवढं खरं, की लष्कराच्या कुठल्याही अहवालापेक्षा या एका निर्णयाने त्या पलटणीविषयी जास्त सांगितलं.

आता दुसऱ्या घरांकडे जायला हवं.

नागालँडच्या मोन जिल्ह्यात ओटिंग नावाचं कोन्याक नागांचं गाव आहे. 4 डिसेंबर 2021, शनिवार. तिरूच्या कोळसा खाणीत आठवडाभर काम करून आठ मजूर पिकअप गाडीतून घरी निघाले होते. त्या भागात डिसेंबरमध्ये साडेचारलाच अंधारून येतं. 21 पॅराची तुकडी खबरेवरून दबा धरून होती: या वाटेने बंडखोर येणार. गाडी आली, गोळीबार झाला, सहा जण जागीच गेले. गाडीला थांबण्याचा इशारा दिला होता, असं गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितलं. असा कुठलाही इशारा झाला नाही, असं वाचलेल्या मजुराने सांगितलं. पोरं घरी पोचली नाहीत म्हणून गावकरी शोधत आले. मृतदेह पाहून त्यांचा उद्रेक झाला. त्या झटापटीत आणखी सात गावकरी आणि एक जवान मारले गेले. दुसऱ्या दिवशी मोन शहरात आसाम रायफल्सच्या तळावर जमाव चालून गेला, तेव्हा चौदावा माणूस गेला. मृतांमध्ये एकाच्या लग्नाला पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते.

हे वाचून मान फिरवता येत नाही. पालापाचोळ्यात पडून राहण्याचं जे कसब वर कौतुकाने सांगितलं, तेच इथेही होतं. तीच शिस्त, तोच संयम, तीच हत्यारं. खबर खोटी होती, आणि समोर कोण आहे याची खात्री होण्याआधी बोट घोड्यावर दाबलं गेलं. नागालँड पोलिसांच्या विशेष तपास पथकाने जून 2022 मध्ये एका मेजरसह 30 जणांवर आरोपपत्र ठेवलं. कार्यपद्धती आणि गोळीबाराचे नियम पाळले गेले नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. 1958 च्या सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्याखाली खटल्याला केंद्राची परवानगी लागते. ती 2023 मध्ये नाकारली गेली. दरम्यान नागालँड विधानसभेने हा कायदा रद्द करण्याची मागणी एकमताने केली होती, आणि एप्रिल 2022 पासून ईशान्येतला त्याचा अंमल बऱ्याच भागातून उठला. चौदा माणसं गेल्यावर.

सर्वोच्च न्यायालयात या फौजदारी कारवाईच्या विरोधात याचिका केल्या त्या आरोप असलेल्यांच्या पत्नींनी. आपल्या माणसाने हुकूम पाळला, खबरेवर विश्वास ठेवला, आणि आता तो एकटा पडला आहे, ही त्यांची बाजू. त्यांच्या जागी कोणीही असतं तर हेच केलं असतं. ओटिंगच्या बायकांची बाजू त्याहून साधी होती: आमची माणसं कामावरून घरी येत होती. ग्रामपरिषदेने जाहीर केलं होतं की दोषींना शिक्षा झाल्याशिवाय सरकारी भरपाईला हात लावणार नाही. गरीब खाणमजुरांच्या गावाने लाखो रुपये नाकारणं म्हणजे काय, हे ज्याने हातावर पोट भरलं आहे त्याला सांगावं लागणार नाही.

पलटणीवर प्रेम करणाऱ्यांना ओटिंगचं नाव नकोसं वाटतं, आणि पलटणीवर टीका करणाऱ्यांना पोगरवाडीचं. दोन्ही गावं डोंगरातली, कष्टकऱ्यांची. एकाची आठवण ठेवायची म्हणून दुसरं पुसावं लागतं, असं मानणाऱ्यांनी या पलटणीच्या जवानांनाही न्याय दिलेला नाही, कारण नेम कुठे चुकला हे उघड सांगितल्याशिवाय पुढच्या स्क्वाडला रानात पाठवणं हा त्या स्क्वाडवरही अन्याय आहे.

17 सप्टेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 30 जणांविरुद्धची फौजदारी कारवाई बंद केली. केंद्राची परवानगी पुढे कधी मिळाली तर ती पुन्हा चालू करता येईल, एवढं न्यायालयाने नोंदवलं. लष्कराला हवी असल्यास शिस्तभंगाची कारवाई करायलाही मोकळीक ठेवली.