हेडरसाठी राखीव जागा

लिनक्स कर्नलमध्ये बाहेर जाणाऱ्या पॅकेटची नोंद ‘एसके_बफ’ या रचनेत असते. बफरच्या सुरुवातीला मुद्दाम मोकळी जागा सोडलेली असते. टीसीपी, आयपी, इथरनेट आपापला हेडर पुढे जोडत जातात, तेव्हा मजकूर जागचा हलत नाही. पॉइंटर तेवढा मागे सरकतो. पोच येईपर्यंत टीसीपीला मजकूर जपून ठेवावा लागतो, म्हणून ड्रायव्हरकडे क्लोन जातो: नोंद नवी, मजकूर तोच. खरी हुशारी इथे आहे. तरी प्रोग्रॅमच्या मेमरीतून कर्नलमध्ये एक प्रत होतेच. २०१७ च्या ४.१४ आवृत्तीने तीही टाळायची सोय केली. पण मजकूर साधारण १० किलोबाइटपेक्षा लहान असेल तर मेमरीची पानं अडवून ठेवण्याचा आणि काम झाल्याची वर्दी देण्याचा खर्चच सहसा जड जातो.