घोड्याला नाल हवा की नको?

शाळेच्या प्रयोगशाळेत नालाकृती चुंबक असतो. त्याचा आकार मुलांच्या चांगला ओळखीचा असतो. पण ज्या वस्तूवरून त्याला हे नाव मिळाले, तो घोड्याचा नाल फारच थोड्या मुलांनी हातात घेतलेला असतो. मागच्या हिवाळ्यात सातवीच्या मुलांना घेऊन माथेरानला गेले, तेव्हा ही संधी अचानक मिळाली. एका झाडाखाली एक म्हातारे नालबंद घोड्याचा पाय आपल्या मांडीवर घेऊन बसले होते. मुलांनी त्यांच्याभोवती कोंडाळे केले.

पहिलाच खिळा आत गेला आणि एक मुलगी कळवळून म्हणाली, "बाई, त्याला दुखत नाही का हो?"

नालबंदचाचा हसले. "बेटी, नखं कापताना तुला दुखतं का?"

तेवढ्यात एका मुलाने दुसरा प्रश्न टाकला, "चाचा, मग रानातल्या घोड्यांना नाल कोण ठोकतं?"

चाचा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "रानातले घोडे माणसं कुठं वाहतात, बाळा?"

मुलांचे समाधान झाले, माझे मात्र झाले नाही. घोड्याला नाल ठोकावा की त्याला अनवाणी ठेवावे, हा प्रश्न जगभरचे घोडे पाळणारे आजही विचारतात आणि त्यावर हिरिरीने भांडतातही. एक पक्ष म्हणतो, नाल म्हणजे निसर्गाविरुद्ध केलेली जबरदस्ती. दुसरा म्हणतो, नालाशिवाय घोड्याकडून काम घेणे म्हणजे क्रूरपणा. यातले खरे काय, हे ठरवण्यासाठी आधी खूर म्हणजे काय ते पाहायला हवे.

एका बोटावर उभा असलेला प्राणी

तळहात टेबलावर टेकवा. आता मनगट उचला, मग तळवा, मग एकेक करून बाकीची बोटे उचला आणि फक्त मधल्या बोटाच्या टोकावर हात उभा धरा. घोडा असाच उभा असतो! त्याच्या पुढच्या पायात आपल्याला जो 'गुडघा' दिसतो, ते खरे तर त्याचे मनगट. त्याच्या खालचा सगळा भाग म्हणजे तळहाताचे लांबलेले हाड आणि एकच मधले बोट. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी घोड्याचे पूर्वज कुत्र्याएवढे होते. त्यांच्या पुढच्या पायांना चार आणि मागच्या पायांना तीन बोटे होती. उत्क्रांतीच्या ओघात बाजूची बोटे आखडत गेली आणि मधले तेवढे उरले. त्या बोटाचे नख वाढून टोकाभोवती टोपणासारखे बसले. तोच खूर.

खुराची बाहेरची भिंत केराटिन या प्रथिनाची असते. आपली नखे, केस आणि गेंड्याचे शिंग यांतही हेच प्रथिन असते. या भिंतीत ना रक्तवाहिन्या असतात, ना मज्जातंतू. म्हणून चाचांचे म्हणणे बरोबर होते, खिळा योग्य जागी बसला तर घोड्याला दुखत नाही.

मात्र 'योग्य जागी' या दोन शब्दांत नालबंदाची सगळी विद्या आहे. भिंतीच्या आत जिवंत भाग असतो. पुस्तकाच्या पानांसारख्या पाचशे-सहाशे पातळ पडद्यांनी तो भिंतीत गुंतलेला असतो. घोड्याचे सगळे वजन या पानांवर तोललेले असते. खूर उलटा करून पाहिला, तर भिंत आणि तळवा जिथे मिळतात तिथे एक फिकट रेषा दिसते. खिळा या रेषेच्या बाहेरच राहायला हवा. म्हणून नालाच्या खिळ्याचे टोक एका बाजूने उतरते केलेले असते. ठोकताना ते आपोआप बाहेरच्या दिशेला वळते आणि भिंतीतून बाहेर पडते. मग टोक मोडून उरलेला भाग भिंतीवर वाकवून बसवतात. खिळा दोन-तीन मिलिमीटर जरी आत सरकला, तरी घोडा लंगडतो. घोड्यावर पोट असलेल्या माणसाचा तेवढ्या दिवसांचा रोजगारही बुडतो.

वाढ आणि झीज यांचा जमाखर्च

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. कच्छच्या रणातले रानगाढव घ्या किंवा मंगोलियाच्या गवताळ प्रदेशातले घोडे घ्या. त्यांचे खूर वर्षानुवर्षे नालाशिवाय चालतात, ते कसे?

खूर वरच्या कडेपासून, म्हणजे केसाळ कातडी संपते तिथून, खाली वाढत येतो. ही वाढ साधारणपणे महिन्याला ६ ते १० मिलिमीटर असते. खाली जमिनीवर तो सतत झिजत असतो. वाढ म्हणजे जमा आणि झीज म्हणजे खर्च. दोन्ही सारखे असतील तर खूर कायम नीट राहतो. मऊ गवतावर बांधून ठेवलेल्या घोड्याची जमा जास्त होते. त्याचे खूर वाढतात, पसरतात, चिरतात आणि ते दर सहा ते आठ आठवड्यांनी तासावे लागतात. रोज खडकाळ वाटेवर ओझे वाहणाऱ्या घोड्याचा खर्च जास्त होतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका घोड्याचा खूर महिन्याला ८ मिलिमीटर वाढतो आणि डांबरी रस्त्यावर १२ मिलिमीटर झिजतो. म्हणजे महिन्याला ४ मिलिमीटरची तूट. तीन महिन्यांत १२ मिलिमीटर भिंत कमी होईल. मग वजन तळव्यावर येईल, खडे टोचू लागतील आणि घोडा पाय टाकायला कचरेल. इथे झीज थांबवण्यासाठी लोखंडाचा थर द्यावाच लागतो. नालाचे मूळ काम हेच.

आपल्याकडच्या बैलांचेही असेच आहे. शेतात नांगर ओढणाऱ्या बैलाला सहसा पत्री मारत नाहीत. पण तोच बैल उसाची गाडी घेऊन डांबरी रस्त्याने कारखान्याला जाऊ लागला, की त्याला पत्री मारावी लागते. बैल तोच, खूरही तेच. बदलली ती जमीन आणि ओझे.

नाल काय देतो, काय घेतो?

नाल झीज थांबवतो आणि काही ठिकाणी पकडही देतो. खुरात दोष असेल, तर विशिष्ट आकाराचा नाल वापरून वजन कुठे पडावे हेही बदलता येते. पण हे फुकट मिळत नाही.

पहिली गोष्ट, खूर दगडासारखा निर्जीव नसतो. पाय टेकला की टाचेकडचा भाग किंचित फाकतो आणि उचलला की परत आकसतो. तळव्याच्या मागच्या बाजूला रबरासारखा एक त्रिकोणी भाग असतो. इंग्रजीत त्याला 'फ्रॉग', म्हणजे चक्क बेडूक, म्हणतात. तो आणि त्याच्या वरची गादी मिळून धक्का शोषतात आणि पायातले रक्त वर ढकलायला मदत करतात. कडक लोखंडाने ही हालचाल कमी होते. म्हणून जाणकार नालबंद खिळे खुराच्या पुढच्या अर्ध्या भागातच ठोकतो आणि टाच मोकळी ठेवतो.

दुसरी गोष्ट, लोखंड टणक असल्यामुळे कडक रस्त्यावरच्या आपटण्याची कंपने पायात जास्त पोचतात. तिसरी, वजन. दोरीच्या टोकाला दगड बांधून फिरवून पाहा. दगड थोडा जड झाला तरी हाताला ओढ किती वाढते! पायाच्या टोकाशी असलेले वजन घोड्याला दर पावलाला उचलून पुढे फेकावे लागते. शर्यतीच्या घोड्यांना ॲल्युमिनियमचे हलके नाल लावतात ते याचसाठी.

चौथी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. नाल लावला की झीज जवळजवळ शून्य होते, पण वाढ चालूच राहते. म्हणजे जमाखर्च आता उलट बाजूला कलतो. खूर पुढून लांबत जातो आणि पायाच्या मागच्या शिरांवर ताण येतो. म्हणून नाल झिजला नसला, तरी तो सहा ते आठ आठवड्यांनी काढून, खूर तासून पुन्हा बसवावा लागतो. नाल निघेपर्यंत वाट पाहणाऱ्या मालकाचे चार पैसे वाचतात, पण किंमत घोड्याच्या पायाला मोजावी लागते.

अनवाणी म्हणजे आपोआप निरोगी नव्हे

मग नाल काढून टाकले की झाले? तसेही नाही. ऑस्ट्रेलियात मोकाट फिरणाऱ्या रानटी घोड्यांचे खूर क्वीन्सलंड विद्यापीठातील संशोधकांनी तपासले. हे खूर आदर्श असतील अशी अनेकांची समजूत होती. पण त्यांतही जुने आजार आणि विकृती आढळल्या. निसर्ग चालेल एवढेच घडवतो, उत्तमाची हमी देत नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा. पुढच्या बाजूला वरपासून खालपर्यंत नवा खूर येण्यास ९ ते १२ महिने लागतात. वर्षानुवर्षे नाल वापरलेल्या घोड्याचे नाल एकदम काढून त्याला दुसऱ्या दिवशी खडीवर कामाला लावले, तर त्याचे हाल होतात. आधी मऊ जमिनीवर आणि हळूहळू कडक जमिनीवर चालवत त्याचा तळवा जाड होऊ द्यावा लागतो.

तिसरा मुद्दा पाण्याचा. केराटिन पाणी शोषून मऊ होते. आंघोळीनंतर नखे कापणे सोपे जाते ते यामुळेच. सह्याद्रीतल्या पावसाळ्यात महिनोन्‌महिने चिखलात उभ्या असलेल्या घोड्याचा खूर लवकर झिजतो आणि त्यात खिळाही नीट धरत नाही. ओल्या, घाण तबेल्यात तळव्याच्या मऊ भागाला सडका, दुर्गंधी येणारा रोग होतो. चौथा मुद्दा खाण्याचा. धान्य अती झाले, तर आत वजन तोलून धरणारी ती पाने सुजतात. हा आजार फार वेदनादायक असतो आणि नाल लावून किंवा काढून त्याचे मूळ जात नाही.

हे सगळे जुन्या लोकांनाही काही प्रमाणात ठाऊक होते. ग्रीक सेनानी झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोड्यांवर ग्रंथ लिहिला. तेव्हा ग्रीसमध्ये ठोकायचे नाल नव्हते. खूर टणक व्हावेत म्हणून घोड्याला गोल दगड पसरलेल्या अंगणात उभे करावे, असे तो सांगतो. रोमन लोक गरज पडेल तेव्हा खुराला धातूचे जोडे बांधत. मराठेशाहीच्या कागदपत्रांत तर 'नालबंदी' हा शब्द मोहिमेआधी शिलेदारांना घोड्यांच्या तयारीसाठी दिल्या जाणाऱ्या आगाऊ रकमेसाठी येतो. नालावरून सगळ्याच तयारीला नाव पडले, इतके त्याचे महत्त्व!

आजचे एक उदाहरण पाहा. टोकियो ऑलिंपिकमध्ये (हे सामने २०२१ साली झाले) स्वीडनच्या पेडर फ्रेड्रिकसनचा 'ऑल इन' हा घोडा नालाशिवाय अडथळ्यांवरून उड्या मारत होता. त्याने वैयक्तिक रौप्य आणि सांघिक सुवर्णपदक मिळवून दिले. पण ते मैदान खास तयार केलेल्या वाळूचे होते, रस्त्याचे नव्हते, हे विसरून चालणार नाही.

प्रश्न रस्त्याचाही आहे

पुन्हा माथेरानला येऊ. तिथे मोटारगाड्यांना बंदी असल्यामुळे घोडा हे अनेक कुटुंबांचे पोट आहे. तिथल्या वाटा जांभ्याच्या लाल मातीच्या. अशा जमिनीत नालाची कड थोडी रुतते आणि पाय ठरतो. काही वर्षांपूर्वी मुख्य रस्त्यावर पेव्हरचे ठोकळे बसवायला सुरुवात झाली आणि घोडे त्यावर घसरतात, अशी तक्रार घोडेवाल्यांनी केली. यामागचे भौतिकशास्त्र सोपे आहे. टणक, सपाट पृष्ठभागात नालाची कड रुतत नाही. मग पाय ठरतो तो केवळ घर्षणावर आणि ओल्या ठोकळ्यावर गुळगुळीत लोखंडाचे घर्षण फार कमी असते. त्यात उतार असेल तर विचारायलाच नको. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही खोटे नव्हते. पावसात मातीचे रस्ते वाहून जातात आणि म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना त्यावरून नेणे कठीण होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ठोकळ्यांना परवानगी दिली, मात्र आतल्या वाटांवर ते बसवू नयेत असे सांगितले.

म्हणजे घोड्याच्या पायाखाली काय असावे, हे एकटा मालक ठरवत नाही. रस्ता बांधणाराही ठरवतो.

तेव्हा 'नाल हवा की नको' याचे एकच एक उत्तर नाही. विचारायचे ते असे: जमीन कशी आहे? ओझे किती आणि रोज किती चाल होते? खूर जात्या मजबूत आहे का? तासायला जाणकार माणूस वेळेवर येतो का? बदल करायचा तर काही महिने घोड्याला विश्रांती देणे परवडते का? मधला मार्गही आहे. घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे काही जण फक्त पुढच्या दोन पायांना नाल ठोकतात. आणि शेवटचा पुरावा घोडाच देतो. तो खड्यांवरून बिनधास्त चालतो की पाय जपून टाकतो, हे पाहावे.

वर्गात करून पाहा

१. अंगठ्याच्या नखाच्या मुळाशी नखरंगाचा बारीक ठिपका द्या. दर रविवारी मुळापासूनचे अंतर मोजा. आपले नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. खूर त्याच्या किती पट वेगाने वाढतो?

२. कापलेल्या नखांचे दोन तुकडे घ्या. एक कोरडा ठेवा, दुसरा रात्रभर पाण्यात भिजवा. दोन्ही वाकवून पाहा.

३. गावातल्या बैलवाल्यांना विचारा: बैलाला पत्री मारता का? कोणत्या रस्त्यावर चालवता? पत्री किती दिवस टिकते? उत्तरांचा तक्ता करा आणि त्यात जमाखर्चाचा नियम दिसतो का ते शोधा.

परतीच्या वाटेवर ती मुलगी घोड्यावर बसली नाही. तिने घोड्याशेजारून चालत त्याची पावले पाहिली. नेरळला पोचल्यावर म्हणाली, "बाई, तो उतारावर डावा पाय हळू टाकत होता. मी चाचांना सांगून आलेय." चाचांनी तो नाल काढून पुन्हा बसवायचे कबूल केले होते म्हणे.