‘काय वाजवलंय!’ पासून संशोधन-प्रश्नापर्यंत



पीएच.डी.च्या मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "हाच विषय का?" बहुतेक जण सांगतात, "आवड आहे म्हणून." उत्तर खरंच असतं. पण पुढचा प्रश्न येतो, "बरं, मग नेमकं शोधणार काय?" आणि इथे गाडी अडकते. तर आज एक आवड घेऊ आणि तिचा प्रश्न कसा बनवायचा ते पायरीपायरीने बघू. आवड माझी आहे, स्टील गिटारची. पायऱ्या तुमच्या विषयालाही चालतील.

हवाईयन गिटार तुम्ही नावाने ओळखत नसाल, पण ऐकलेली असणार. जुन्या हिंदी गाण्यांच्या नुसत्या वाद्यावरच्या धून रेडिओवर लागायच्या ना, त्यातला तो घसरत जाणारा, गळ्यातून आल्यासारखा आवाज तिचा. गिटार आडवी ठेवायची, बोटांनी तार दाबायची नाही, तिच्यावरून एक गुळगुळीत पोलादी बार फिरवायचा. मुंबईच्या फिल्मसंगीतात व्हॅन शिपली आणि हजारा सिंग हे यातले मोठे वादक. शिपलींच्या सोबत ॲकॉर्डियनवर अनेकदा आपल्या पुण्याचे इनॉक डॅनियल्स असायचे. ब्रिजभूषण काबरांनी हीच गिटार रागसंगीतात आणली. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत ती ऐकू येते.

तिकडे अमेरिकेत या वाद्याला अक्षरशः पाय फुटले आणि पेडल स्टील गिटार तयार झाली. १९५४ मध्ये गाजलेल्या वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या कंट्री गाण्यात बड आयझॅक्सने स्वर वाजत असतानाच पेडल दाबलं. ते ऐकून बाकीचे स्टीलवादकही आपापल्या वाद्याला पेडल लावायच्या मागे लागले. पुढे बडी एमन्ससारख्या वादकांनी ते कुठल्या कुठे नेलं.

ही रेकॉर्डिंग ऐकली की तोंडून निघतं, "काय अवघड वाजवलंय!" आता हा ‘अवघड’ शब्द पकडू.

पायरी १: अवघड म्हणजे किती?

निगडी-भोसरी-चाकण पट्ट्यातल्या मुलांना टॉलरन्स शिकवावा लागत नाही. ड्रॉइंगवर माप लिहिलेलं असतं, शेजारी किती इकडेतिकडे चालेल तेही. बाहेर गेला की जॉब रिजेक्ट. मग स्टील गिटारचा टॉलरन्स किती?

तारेची लांबी ६१० मिमी धरा. ताण तोच असेल तर कंपनसंख्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते, हे बारावीतलं सूत्र. बार बरोबर मध्यावर असेल तेव्हा वाजणारी तार ३०५ मिमी उरते. तिथे बार १ मिमी चुकला, तर स्वर सुमारे ०.३३ टक्के सरकतो. संगीतात एका अर्ध्या स्वराचे १०० भाग करतात, एका भागाला सेंट म्हणतात. त्या मापात ही चूक जवळपास ६ सेंट. तयार कानाला चांगल्या परिस्थितीत साधारण तेवढाच फरक कळतो. आणखी वर, १५२ मिमी उरते तिथे, तोच १ मिमी ११ सेंटचा होतो. म्हणजे वर जाल तसा टॉलरन्स निम्मा.

त्यात बार गोल असतो. तारेला टेकतो खालून, वादक बघतो वरून. मोजपट्टी वाचताना डोळा तिरका ठेवला की रीडिंग चुकतं, तोच पॅरॅलॅक्स इथेही आहे. म्हणून शेवटचा निर्णय कानाचा. कान हेच इथलं गो-नो-गो गेज.

बघा, "अवघड" या विशेषणाची जागा आता मिलिमीटर आणि सेंटने घेतली.

पायरी २: अवघड, पण कुठल्या प्रकारचं?

बार सरळ असतो, त्यामुळे सगळ्या तारा एकदमच वर किंवा खाली जातात. एक स्वर स्थिर ठेवून दुसरा हलवायचा तर बार तिरका धरावा लागतो, आणि त्यालाही मर्यादा आहे. पेडलने हीच अडचण सोडवली. पेडल एका ठराविक तारेचा ताण बदलतं. प्रचलित जुळणीत ई, जी शार्प आणि बी या तारा मिळून ई मेजर होतो. डाव्या पायाने दोन पेडल एकत्र दाबली की जी शार्पचा ए होतो, बीचा सी शार्प होतो, ई जागेवरच राहतो. बार न हलवता ए मेजर तयार! कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, म्हणून बीचा सी शार्प करायला त्या तारेचा ताण सुमारे २६ टक्के वाढवावा लागतो. सतारीवर मींड घेताना बोट तार ओढून ताण वाढवतं, इथे तेच काम पाय करतो. शिवाय उजवा पाय आवाज कमी-जास्त करतो, गुडघे बाजूच्या दांड्या ढकलतात, डावा हात बारवर, उजवा हात तारा छेडतो.

म्हणजे एमन्सचं अवघड हे हात, पाय आणि गुडघे यांच्या ताळमेळाचं. काबरांकडे पेडल नाही. तिथे एका तारेवर बार नेऊन मींड, गमक काढायची, मागे तानपुरा सतत सा धरून असतो आणि छोटीशी चूकही उघडी पडते. दोन्ही अवघडच, पण एकाच काट्यावर तोलता येत नाहीत. "कोण श्रेष्ठ?" हा चहाच्या टपरीवर रंगणारा वाद आहे. संशोधनाला तो चालत नाही, कारण त्याला एकक नाही.

पायरी ३: मोजपट्टी तपासा

ठरलं समजा, जुन्या रेकॉर्डवरून स्वर मोजायचे. प्राट किंवा सॉनिक व्हिज्युअलायझर ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. पण थांबा. तबकडी १ टक्का जोरात फिरली तर सगळे स्वर १७ सेंट चढतात. आपण शोधतोय ६ सेंटची चूक! तबकडीवरून उतरवलेल्या ऑडिओत ती कुठल्या वेगाने फिरत होती, हे सहसा लिहिलेलं नसतं. म्हणून सुटा स्वर मोजायचा नाही. त्याच रेकॉर्डमधल्या तानपुऱ्याच्या सा शी त्याचं अंतर मोजायचं. वेगाची चूक दोघांना सारखीच लागते, भागाकारात निघून जाते.

पायरी ४: चूक ठरवणारे तुम्ही कोण?

ही पायरी सर्वात जास्त वेळा सुटते. पियानोच्या समान अंतरांच्या पट्टीत सा पासून शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो. ५:४ या नैसर्गिक गुणोत्तराने तो ३८६ वर येतो. आता वादकाने ३८६ वाजवला आणि तुम्ही ४०० शी तुलना केली, तर तुमच्या तक्त्यात १४ सेंटची ‘चूक’ दिसेल. खरं तर तानपुऱ्यासोबत तोच गंधार गोड लागतो. पेडल स्टीलवादकही गंधाराच्या तारा अनेकदा मुद्दाम उतरवून जुळवतात. ड्रॉइंगच चुकीचं घेतलं तर चांगला जॉब रिजेक्ट होणारच. आणि इथे रिजेक्ट होतं एका माणसाचं आयुष्यभराचं काम, म्हणून संदर्भमूल्य का निवडलं ते प्रस्तावात लिहायलाच हवं.

पायरी ५: आता प्रश्न लिहा

"हवाईयन गिटारच्या आलापात, बार नव्या स्वरावर पोहोचल्यावर पहिल्या क्षणी स्वर सा च्या तुलनेत किती सेंट दूर असतो, आणि तो किती मिलिसेकंदांत स्थिरावतो? वरच्या सप्तकात ही चूक वाढते का?"

पायरी १ नुसार चूक वाढायला हवी. नाही वाढली तर आणखी मजा, मग वादक नेमकं काय करतो हे शोधायला लागेल. उत्तर ‘नाही’ येऊ शकतं, म्हणूनच हा प्रश्न आहे. सुरुवातीला फक्त तानपुरा असलेला तुकडा निवडा, कारण दोन-तीन स्वर एकत्र वाजले की सॉफ्टवेअर गोंधळतं. मुद्दाम घेतलेली मींड आणि सावरलेली चूक आलेखात सारखीच दिसू शकते. त्या वेगळ्या कशा करणार, हेही आधीच ठरवा.

आता तुमची पाळी. तुम्हाला भारावून टाकणारी एक गोष्ट घ्या आणि कागदावर चार ओळी लिहा: एकक काय, तुलना कशाशी, मोजपट्टीत चूक कुठून येईल, संदर्भमूल्य कुणी ठरवलं. चौथी ओळ लिहून झाली की ती रेकॉर्ड परत एकदा लावा. मोजमाप केल्याने कौतुक आटतं असं लोक म्हणतात. अर्धा मिलिमीटर म्हणजे किती, हे हातात पट्टी धरून बघा आणि मग ऐका.