रात्र न मोजणारे झाड

मुंबईच्या उपनगरांत डिसेंबर ते फेब्रुवारी हे बाल्कनीतल्या बागेचे सुखाचे दिवस. पावसाची झड संपलेली असते, उन्हाचा चटका अजून लांब असतो, मातीला बुरशी लागत नाही. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत खिडक्यांच्या जाळ्यांमध्ये शेवंती, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर दिसू लागते. याच दिवसांत तरुण मुलांच्या गप्पांमध्ये अलीकडे आणखी एका झाडाचे नाव निघते: ‘ऑटोफ्लॉवरिंग’ गांजा. तो बुटका असतो, अडीच-तीन महिन्यांत आटोपतो, दिवस लहान असो वा मोठा, आपोआप फुलतो. त्याच्याबरोबर तीन समजुतीही फिरतात. हा खरा गांजा नव्हे. एखाद्या कुंडीने काही होत नाही. आणि झाडच आहे म्हणजे निरुपद्रवी आहे. या तिन्ही समजुती तपासायच्या, तर आधी ‘आपोआप फुलणे’ म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

झाडाला महिना कसा कळतो?

पॅरिसमध्ये ज्युलियन तुर्न्वा नावाचा एक तरुण संशोधक १९१२च्या सुमारास भांगेची आणि हॉप या वेलीची रोपे काचघरात वाढवत होता. हिवाळ्यात पेरलेली रोपे अगदी लहान असतानाच फुलतात, हे त्याने पाहिले. थंडी, ओलावा, खत अशी एकेक कारणे बाजूला पडली. शेवटी त्याने निष्कर्ष काढला की कारण प्रकाशाच्या कालावधीत आहे, आणि दिवस आखूड होण्यापेक्षा रात्र लांबणे अधिक महत्त्वाचे आहे. पहिल्या महायुद्धाने त्याचा बळी घेतला आणि काम अर्धवट राहिले. पुढे १९२०मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर हाच शोध नीट सिद्ध केला. मराठीत त्याला दीप्तिकालिता म्हणतात. म्हणजे या शास्त्राच्या अगदी उगमाशी जी रोपे होती, त्यांत एक भांगेचे होते.

तुर्न्वाचा रात्रीबद्दलचा अंदाज १९३८मध्ये खरा ठरला. हॅमनर आणि बॉनर यांनी शंकेश्वराच्या झाडावर प्रयोग केले. हे तेच रानटी झुडूप, ज्याची काटेरी फळे कपड्यांना चिकटतात. दिवसा मध्येच अंधार केला तर त्याला फरक पडत नव्हता; पण लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला, की फुलणे थांबत होते. झाड दिवस नव्हे, सलग अंधार मोजत होते. पानांमधले फायटोक्रोम नावाचे प्रथिन लाल प्रकाशाला प्रतिसाद देते. त्याच्या आणि झाडाच्या अंतर्गत घड्याळाच्या मेळातून हा हिशोब होतो. हिशोब पुरा झाला की पानातून शेंड्याकडे निरोप जातो: आता पान नको, फूल काढ.

कोकणातल्या वाचकाला हे नवीन वाटू नये. जुन्या वाणांचा वाल लवकर पेरला तरी रात्री लांबल्याशिवाय फुलावर येत नाही. म्हणून तर वालाच्या शेंगांची पोपटी ही थंडीतली मेजवानी. जुने हळवे-गरवे भात पाहा. गरवे भात रात्रींचा अंदाज घेऊनच पोटरीत येते. शेवंतीचे उत्पादक रात्री दिवे लावून फुलोरा लांबवतात आणि काळे कापड टाकून तो अलीकडे आणतात, तेही याच नियमाने.

उत्तरेतला प्रश्न, उत्तरेतले उत्तर

गांजाचे नेहमीचे झाडही रात्र मोजणारे आहे. रात्री लांबू लागल्या की ते फुलते. आता हे झाड रशियात, व्होल्गा नदीच्या खोऱ्यात उगवले आहे असे समजा. तिथे जूनचा दिवस साडेसोळा तासांच्या आसपास असतो. रात्र पुरेशी लांब होईपर्यंत उन्हाळा सरतो, आणि बी पक्व होण्याआधीच हिमतुषार येऊन झाड मारून टाकतो. जे झाड रात्रीची वाट पाहील, त्याचा वंश खुंटेल. जे न मोजता, ठरावीक वयाला फुलेल, त्याचे बी मागे उरेल. १९२४मध्ये यानिशेव्स्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने अशा बुटक्या, रानटी भांगेचे वर्णन केले आणि तिला ‘रुडेरालिस’ हे नाव दिले. ती स्वतंत्र जात मानायची की नाही, यावर आजही एकमत नाही. तिचा हा गुण मुख्यतः एका अप्रभावी जनुकाशी जोडलेला आढळतो. आई आणि बाप दोघांकडून तो आला, तर रोप काही आठवड्यांचे झाल्यावर आपोआप फुलते. बाजारातले ‘ऑटोफ्लॉवरिंग’ बियाणे याच गुणाच्या संकरातून तयार झाले आहे.

आता मुंबईकडे येऊ. आपण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. आपला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान सुमारे ११ तासांचा; फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. लंडनमध्ये हाच फरक पावणेनऊ तासांच्या आसपास जातो. मुंबईची डिसेंबरची रात्र १३ तासांची असते आणि हिमतुषार तर आपल्याला ठाऊकच नाही. थोडक्यात, ज्या अडचणीवर उत्तर म्हणून हा गुण निसर्गात टिकला, ती अडचण अंधेरी-बोरिवलीत अस्तित्वातच नाही. ‘आपोआप फुलते’ या शब्दांत चमत्कार नाही. ती दुसऱ्या अक्षांशावरची तडजोड आहे.

हा गुण दुर्मीळही नाही. आपल्या खिडकीतला टोमॅटो रात्र मोजत नाही. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत वर्षातून दोन पिके, दोन वेगळ्या अक्षांशांवर आणि उंचींवर घेतली, त्यातून दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा न करणारा गहू हाती आला. तोच गहू भारतात रुजला. १९६६मध्ये १८,००० टन बियाणे मेक्सिकोतून आणले गेले. हरितक्रांतीमागे बुटक्या ताटाइतकाच हा गुणही होता.

झाडाची जात कायदा विचारत नाही

पहिली समजूत अशी की हे वेगळे, लहान, संकरित झाड आहे, म्हणून तो गांजा नव्हे. अमली पदार्थविषयक १९८५च्या केंद्रीय कायद्यात (एनडीपीएस) ‘कॅनॅबिस वनस्पती’ची व्याख्या एका ओळीची आहे: कॅनॅबिस या प्रजातीतील कोणतीही वनस्पती. त्यात उंची, वाण, नशेचे प्रमाण यांचा उल्लेख नाही. वनस्पतिशास्त्रज्ञांचा रुडेरालिसबद्दलचा वाद न्यायालयात उपयोगाचा नाही.

दुसरी समजूत अधिक घातक आहे, कारण ती अर्धवट माहितीवर उभी आहे. गांजा बाळगण्याच्या गुन्ह्यात कायदा प्रमाण पाहतो. एक किलोपर्यंत ते ‘अल्प’ धरले जाते आणि शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे ऐकून अनेकांना वाटते की एक कुंडी म्हणजे त्याहूनही किरकोळ. पण लागवडीचे कलम वेगळे आहे. विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्यात ‘अल्प प्रमाण’ अशी पायरीच नाही. शेत असो की कुंडी, कलम तेच. घर भाड्याचे असेल आणि मालकाने जाणूनबुजून जागा वापरू दिली, तर तोही त्याच शिक्षेला पात्र ठरतो.

गोंधळाला आणखी एक कारण आहे. याच कायद्यातील गांजाच्या व्याख्येत शेंडे सोबत नसलेली पाने आणि बी येत नाहीत. त्यामुळे महाशिवरात्रीची भांग या व्याख्येबाहेर राहते, जरी महाराष्ट्रात तिच्यावर दारूबंदी कायद्याचे स्वतंत्र नियंत्रण आहे. २०२१मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हेम्पच्या बियांना अन्न म्हणून मान्यता दिली, आणि त्या आता दुकानांत मिळतात. कुमाऊंत त्यांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या होते. पण बी खाणे वेगळे आणि पेरणे वेगळे. पान वगळले, बी वगळले. झाड वगळलेले नाही. धागा, बी किंवा संशोधनासाठी सरकार परवाना देऊ शकते. उत्तराखंडाने २०१८मध्ये अत्यल्प नशेच्या हेम्पसाठी तो दिला. जम्मूच्या केंद्रीय संशोधन संस्थेत औषधी उपयोगासाठी परवान्याखाली काम चालते. बाल्कनीला असा परवाना नाही.

बुटके म्हणजे सौम्य नव्हे

तिसरी समजूत आरोग्याची. मूळ रानटी रुडेरालिसमध्ये टीएचसी हा नशा आणणारा घटक कमी असे, हे खरे. पण आजचे संकरित वाण तीव्र जातींशी वारंवार संकर करून काढलेले आहेत. अमेरिकेत जप्त केलेल्या मालाच्या तपासणीत टीएचसीचे सरासरी प्रमाण १९९५मध्ये चार टक्क्यांच्या आसपास होते. २०१४पर्यंत ते बारा टक्क्यांवर गेले. घरी उगवलेल्या झाडावर प्रमाणाची चिठ्ठी नसते. ओढणाऱ्याला आपण नेमके किती घेतो आहोत, हे कळण्याचा मार्गच नसतो.

धोका सगळ्यांना सारखा नाही. तो सर्वाधिक आहे वाढत्या वयात. मेंदूचा नियोजन करणारा, आवेग आवरणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि त्या घडणीत शरीराची स्वतःची कॅनॅबिनॉइड यंत्रणा भाग घेते. बाहेरून येणारे टीएचसी तिथेच ढवळाढवळ करते. स्वीडनमध्ये सैन्यभरतीला आलेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेतला गेला. अठराव्या वर्षापर्यंत पन्नासपेक्षा अधिक वेळा गांजा ओढलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट आढळले. १९८७मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा शंका घेतली गेली: मुळात नाजूक मनाची मुलेच गांजाकडे वळत असतील तर? ती शंका रास्त आहे आणि इतर कारणे हिशोबात घेतल्यावर सहापटीचा आकडा खाली येतो. पण तो नाहीसा होत नाही. युरोपातील शहरांच्या २०१९मधील मोठ्या अभ्यासात रोज तीव्र गांजा घेणाऱ्यांत मनोविकृतीचा धोका सुमारे पाचपट दिसला. घरात कुणाला असा आजार असेल, तर हा जुगार आणखी महाग पडतो.

गांजा ओढणाऱ्या प्रत्येकाला वेड लागते, असा याचा अर्थ नाही. बहुतेकांना लागत नाही. ‘ओढशील तर वेडा होशील’ असे मुलाला सांगितले आणि त्याने चार धडधाकट मित्र दाखवले, की पालकांचा पुढचा प्रत्येक शब्द वाया जातो. खरे आहे तेवढेच सांगावे: कुणाला होईल हे आधी ओळखता येत नाही, आणि सुरुवात जितकी लवकर, माल जितका तीव्र, वारंवारता जितकी जास्त, तितका धोका वाढतो. सवय लागत नाही, हेही खरे नाही. रोज घेणाऱ्याने अचानक थांबवले तर चिडचिड, झोप उडणे, भूक मरणे असा त्रास होतो. दीर्घ वापरात काहींना वारंवार उलट्यांचा विकार जडतो. गरम पाण्याने आंघोळ केली की तात्पुरते बरे वाटते, आणि खरे कारण लक्षात न आल्याने पोटाच्या तपासण्या चालूच राहतात.

‘एम्स’च्या केंद्राने केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोक भांग, गांजा किंवा चरस घेत होते. त्यांतल्या सुमारे ७२ लाखांना त्यासाठी मदतीची गरज होती. आपल्या घरात असे कुणी असेल, तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हे निःशुल्क क्रमांक आहेत. व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षणाची तरतूद कायद्यातच आहे. पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नयेत. अचानक आलेला संशयीपणा, नसलेले आवाज ऐकू येणे, रात्र-रात्र झोप नसणे अशी लक्षणे दिसली, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला उशीर करू नये. पहिल्या झटक्यात लवकर उपचार मिळाले, तर पुढचे नुकसान पुष्कळ टळते.

आणि झाड रात्र कशी मोजते याचेच कुतूहल असेल, तर त्यासाठी शेवंती पुरेशी आहे. पावसाळा सरताना, कळी धरण्याआधी, एकाच वाणाच्या दोन कुंड्या घ्या. एक रस्त्याच्या दिव्याचा उजेड रात्रभर पडतो त्या बाजूला ठेवा, दुसरी रात्री खरोखर काळोख असतो त्या बाजूला. पाणी आणि ऊन दोघींना शक्य तितके सारखे द्या. काळोखातली आधी फुलेल, उजेडातली मागे राहील किंवा नुसतीच पाने काढत बसेल. शेजारी टोमॅटोचे रोप ठेवलेत, तर त्याला या दिव्याचे काहीच वाटणार नाही, हेही दिसेल. शतकापूर्वी पॅरिसच्या काचघरात जे उलगडू लागले, ते घाटकोपरच्या खिडकीतही पाहता येते, तेही उघडपणे आणि घरातल्या मुलांना सोबत घेऊन.