वाट दोघांची, चालला एकटा

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात यॉर्क नावाचे गाव आहे. त्या भागात वाढलेले हे दोन शेजारी मित्र: अर्ल शेफर आणि वॉल्टर वाइनमिलर. सवड मिळाली की पाठीवर पिशव्या टाकायच्या आणि डोंगर गाठायचा, हा दोघांचा नाद. त्या डोंगरांतून एक पायवाट जाते. दक्षिणेस जॉर्जियात सुरू होते, चौदा राज्ये ओलांडते आणि उत्तरेस मेन राज्यातल्या कटाडिन शिखरावर संपते. ॲपलाचियन ट्रेल तिचे नाव. आज तिची लांबी साडेतीन हजार किलोमीटर भरते. मुंबईहून पायी कन्याकुमारीस जावे आणि पायीच परत यावे, साधारण तेवढा हा पल्ला! बेंटन मकाय नावाच्या गृहस्थांनी १९२१ साली ही कल्पना मांडली आणि हौशी मंडळींनी खपून १९३७ साली ती तडीस नेली. परंतु सगळी वाट एका दमात चालून जाण्याची गोष्ट कोणी फारशी मनावर घेतली नव्हती. या दोघांनी घेतली. जायचे, आणि जोडीने जायचे.

मध्ये महायुद्ध आले. शेफर सैन्याच्या संदेश खात्यातून पॅसिफिकमधल्या बेटांवर गेला. वॉल्टर १९४५ साली इवो जिमाच्या लढाईत पडला.

डोंगरात सोबत म्हणजे काय, हे हिंडणाऱ्याला सांगायला नको. भांडे एक, कुऱ्हाड एक, आडोसा एक, म्हणून ओझे निम्मे होते. एक सरपण गोळा करतो तोवर दुसरा पाणी आणतो. धुक्यात खूण हरवली तर एकाने शेवटच्या खुणेपाशी उभे राहायचे आणि दुसऱ्याने हाकेच्या टापूत पुढे जाऊन शोधायचे. एकट्याला ही साधी युक्तीसुद्धा नाही. (सोबतीत भांडणेही होतात म्हणा. दोघांची चाल कधीच एक नसते. पुढचा खोळंबतो म्हणून चिडतो आणि मागचा दमला म्हणून. नवराबायकोने तर फार जपून असावे!)

शेफर घरी परतला तो शांत नव्हता. अंगात भिनलेले युद्ध चालून चालून बाहेर काढावे, असे त्याच्या मनाने घेतले. ४ एप्रिल १९४८ रोजी तो जॉर्जियातल्या माउंट ओगलथॉर्पवरून एकटाच निघाला. वाटेचे दक्षिण टोक त्या काळी तिथे होते. मागवलेली मार्गदर्शक पुस्तके वेळेवर आलीच नाहीत. तेव्हा मोटारवाल्यांचे रस्त्यांचे नकाशे आणि होकायंत्र एवढ्यावर भागवायचे होते. युद्धाच्या काळात वाटेकडे पाहायला माणसे नव्हती. झाडे आडवी पडलेली, रान माजलेले, खुणेचे पांढरे पट्टे कित्येक ठिकाणी नाहीसे झालेले. तंबूचे ओझे त्याने लवकरच टाकले आणि पावसाळी अंगरख्याखाली रात्री काढल्या. जेवण म्हणजे ओटची लापशी आणि तव्यावर भाजलेली मक्याच्या पिठाची भाकर. बुटांचा एकच जोड, दोनदा तळ बदलून शेवटपर्यंत पुरवला.

तिकडे वसंत दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो. एप्रिलमध्ये दक्षिणेतून निघणाऱ्याच्या बरोबरीनेच फुले आणि पालवी पुढे चालतात. पुढे त्याने या प्रवासावर पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच हे वसंताबरोबर चालणे आले. मला विचाराल तर सोबती असा मिळाला. पण वाट पेनसिल्व्हेनियातून जाते, तेव्हा पूर्वी वॉल्टरबरोबर हिंडलेले डोंगर तिच्यावरच होते. तिथून त्याला एकट्यानेच जावे लागले.

५ ऑगस्टला तो कटाडिनच्या माथ्यावर पोहोचला. एकशे चोवीस दिवस! वाटेची देखभाल करणाऱ्या मंडळींचा प्रथम विश्वासच बसेना. त्याने रोजनिशी आणि चित्रे पुढे ठेवली, प्रश्नांची उत्तरे दिली, तेव्हा कुठे वाट एका दमात चालणारा पहिला म्हणून त्याचे नाव नोंदले गेले. अलीकडे त्याच रोजनिशीवरून कोणी आक्षेप काढला, की काही टप्पे तो मोटाररस्त्याने गेला असावा. गेला असेलही, खुणा पुसलेल्या रानात रस्ता दिसला तर कोण सोडील?

१९६५ साली तो पुन्हा निघाला, या खेपेस उत्तरेकडून दक्षिणेकडे. आणि १९९८ साली, पहिल्या प्रवासाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, एकोणऐंशी वर्षांच्या या म्हाताऱ्याने जॉर्जियातून तिसऱ्यांदा पाऊल उचलले. आताची वाट भलतीच अवघड करून ठेवली आहे, अशी कुरकुर करीत तो ऑक्टोबरात कटाडिनला पोहोचला. ऐंशीव्या वाढदिवसाला तेव्हा थोडेच दिवस उरले होते. २००२ साली तो वारला.

१९४८ची ती छोटी काळी वही आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत जपून ठेवली आहे. तीत तारखा आहेत, मुक्काम आहेत, हवापाणी आहे, आणि मधूनमधून त्याने चालता चालता रचलेल्या कविता आहेत.