साठवण साधने, संगणक-खेळांची

संगणकावर खेळावयाच्या खेळांच्या आज्ञावल्या, चित्रे, ध्वनी आणि खेळाडूच्या प्रगतीच्या नोंदी विद्युत् पुरवठा खंडित झाल्यावरही टिकून राहतील अशा रीतीने ठेवणारी उपकरणे. या कामासाठी मुख्यत्वे दोन प्रकारची साधने वापरली जातात : (१) चुंबकीय थर दिलेल्या फिरत्या चकत्यांचे साधन. यास व्यवहारात हार्ड डिस्क म्हणतात. (२) एकही हलता भाग नसलेले, अर्धसंवाहक स्मृतीवर आधारलेले घन-अवस्था साधन. यास व्यवहारात एसएसडी म्हणतात. पहिल्यात कमी खर्चात पुष्कळ साठा होतो, तर दुसऱ्यात साठा अतिशय जलद हाती लागतो. खेळाचे स्वरूप, संगणक वापरणाऱ्या कुटुंबाची ऐपत व स्थानिक हवामान यांवरून या दोहोंतील निवड ठरते.

इतिहास : घरगुती खेळ-यंत्रांच्या खेळांची साठवण हलत्या भागांविना सुरू झाली. १९७७ साली बाजारात आलेल्या अटारी २६०० या खेळ-यंत्राचे सुरुवातीचे खेळ २ ते ४ किलोबाइट क्षमतेच्या केवल-वाचन स्मृतीत कायमचे कोरलेले असत व ते कुपीसारख्या डबीतून यंत्रात बसवीत. त्यापूर्वीच, १९५६ मध्ये, आयबीएम या अमेरिकी कंपनीने पहिले व्यापारी चकती-साधन तयार केले होते. त्यात सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० चकत्या असून त्यांवर एकूण ५० लक्ष अक्षरचिन्हे मावत. १९८० मध्ये सीगेट कंपनीने व्यक्तिगत संगणकात बसेल असे ५ मेगाबाइट क्षमतेचे साधन काढले. १९८८ मध्ये आल्बेअर फेअर व पेटर ग्रुनबेर्क यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या महाचुंबकरोध परिणामामुळे अतिशय क्षीण चुंबकीय खुणा वाचणे शक्य झाले व चकत्यांची क्षमता झपाट्याने वाढली. या शोधाबद्दल दोघांना २००७ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

घन-अवस्था साधनाचे मूळ १९६७ मध्ये बेल प्रयोगशाळेत डावोन कांग व सायमन झी यांनी मांडलेल्या तरत्या द्वाराच्या ट्रँझिस्टरात आहे. जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी त्यापासून १९८४ मध्ये व पुढे १९८७ मध्ये अधिक दाट रचनेची फ्लॅश स्मृती विकसित केली. १९९१ मध्ये सॅनडिस्क कंपनीने २० मेगाबाइटचे घन-अवस्था साधन विकले, तेव्हा त्याची किंमत सु. १,००० डॉलर होती. पुढील तीन दशकांत किंमत उतरत गेली आणि २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्स सिरीज एक्स या दोन्ही खेळ-यंत्रांत चकतीची जागा फ्लॅश स्मृतीने घेतली.

चकती-साधनाचे कार्य : ॲल्युमिनियमाच्या वा काचेच्या गुळगुळीत चकतीवर कोबाल्ट मिश्रधातूचा अतिशय पातळ थर असतो. त्यातील सूक्ष्म कणसमूहांच्या चुंबकनाची दिशा बदलून द्विमान अंक नोंदले जातात [→ चुंबकत्व]. लेखन-वाचन करणारे शीर्ष चकतीला स्पर्श न करता तिच्यापासून काही अब्जांश मीटर अंतरावर हवेच्या पातळ थरावर तरंगते. हवा असलेला तुकडा वाचण्यासाठी प्रथम शीर्ष योग्य वर्तुळमार्गावर न्यावे लागते व नंतर तो तुकडा फिरत शीर्षाखाली येईपर्यंत थांबावे लागते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी चकती एका फेऱ्यास ८.३ सहस्रांश सेकंद घेते, म्हणून सरासरी प्रतीक्षा सु. ४.२ सहस्रांश सेकंद होते. त्यात शीर्षाच्या हालचालीचे सु. ८.५ मिळविल्यास प्रत्येक तुकड्यामागे सु. १२.७ सहस्रांश सेकंद जातात. याचाच अर्थ विखुरलेले असे तुकडे सेकंदाला सु. ८० च वाचता येतात. उलट एकामागून एक सलग मांडलेला मजकूर हेच साधन सेकंदाला १५० ते २५० मेगाबाइट या गतीने देते. विहिरीवरून पाणी आणण्यासारखेच हे आहे. घागर मोठी असेल तर फेरा परवडतो. पेलाभर पाण्यासाठी तोच फेरा शंभरदा घालावा लागल्यास दिवस त्यातच जातो.

घन-अवस्था साधनाचे कार्य : येथे प्रत्येक पेशी म्हणजे एक ट्रँझिस्टर असून त्यातील निरोधकाने वेढलेल्या थरात इलेक्ट्रॉन अडकवून ठेवले जातात [→ अर्धसंवाहक]. अडकलेल्या विद्युत् भाराच्या प्रमाणावरून अंक ओळखतात. एका पेशीत एकच द्विमान अंक ठेवल्यास भाराच्या २ पातळ्या पुरतात. तीन अंकांसाठी ८ आणि चार अंकांसाठी १६ पातळ्या वेगळ्या ओळखाव्या लागतात. पातळ्या वाढल्या की साधन स्वस्त होते, मात्र लेखन मंदावते व पेशीचे आयुष्य घटते. काहीही फिरवावे लागत नसल्याने कोणताही तुकडा सु. ०.१ सहस्रांश सेकंदात किंवा त्याहूनही लवकर मिळतो. साटा जोडणीच्या साधनाची सलग गती सेकंदाला सु. ५५० मेगाबाइट असते. मुख्य पट्टिकेवर थेट बसणाऱ्या एनव्हीएमई साधनांची गती ३,५०० ते ७,००० मेगाबाइट व त्यापुढेही जाते.

खेळाच्या दृष्टीने फरक : समजा, खेळातील एक दृश्य उभे करण्यास सरासरी अर्ध्या मेगाबाइटाचे ४,००० तुकडे, म्हणजे एकूण २ गिगाबाइट मजकूर लागतो. तुकडे विखुरलेले असल्यास चकतीला त्यांच्या शोधातच सु. ५१ सेकंद व वाचण्यात १३ सेकंद, मिळून ६४ सेकंद लागतील. साटा जोडणीच्या घन-अवस्था साधनाला सु. चार व एनव्हीएमई साधनाला सु. एक सेकंद पुरेल. मात्र वाचलेला मजकूर दाबून बसविलेला असतो व तो उलगडण्याचे काम संगणकाच्या प्रक्रियकाला करावे लागते. त्यास १० सेकंद लागतात असे धरल्यास एकूण वेळ अनुक्रमे ७४, १४ व ११ सेकंद होतो. या उदाहरणावरून दोन निष्कर्ष निघतात. चकती सोडून साध्या घन-अवस्था साधनाकडे जाण्यात मोठा लाभ आहे. साध्याकडून महागड्याकडे जाण्यात मात्र तो पुष्कळच कमी आहे. शिवाय खेळ एकदा स्मृतीत आल्यावर पडद्यावरील चित्रांची प्रतिसेकंद संख्या चित्र-प्रक्रियकावर अवलंबून असते, साठवण साधनावर नव्हे. विस्तीर्ण भूप्रदेश असलेल्या खेळांत मजकूर खेळत असतानाच सतत आणावा लागतो. अशा वेळी चकती मागे पडली, तर चित्र अडखळते किंवा वस्तू उशिरा प्रकट होतात. म्हणून ‘स्टारफील्ड’ (२०२३) या खेळाच्या निर्मात्यांनी घन-अवस्था साधन आवश्यक ठरविले आणि ‘सायबरपंक २०७७’ च्या निर्मात्यांनी त्याच वर्षी चकतीचा आधार काढून घेतला.

चकतीच्या मर्यादेचा भार कधीकधी चकती नसलेल्यांनाही सोसावा लागला आहे. शीर्षाची धावपळ वाचावी म्हणून खेळाचे निर्माते एकच चित्र वा ध्वनी अनेक ठिकाणी पुनःपुन्हा नोंदवून ठेवीत. ‘हेलडायव्हर्स २’ (२०२४) या खेळाची संगणकावरील आवृत्ती यामुळे सु. १५० गिगाबाइट इतकी फुगली होती. डिसेंबर २०२५ मध्ये निर्मात्यांनी अशा दुहेरी नोंदी काढून टाकलेली आवृत्ती चाचणीसाठी दिली. तिला सु. २३ गिगाबाइटच जागा लागली. चकतीवर खेळ सुरू होण्यास फक्त काही सेकंद अधिक लागतात, कारण बहुतेक वेळ दृश्याच्या निर्मितीत जातो, असे त्यांना आढळले. साधनाविषयीची समजूत प्रत्यक्ष मोजून पाहिल्याखेरीज गृहीत धरू नये, असा धडा यातून मिळतो.

महाराष्ट्रातही खेळनिर्मिती होते. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अशा आटोपशीर कथाप्रधान खेळांना शंभर गिगाबाइटांच्या पुढे जाणाऱ्या जागतिक खेळांच्या मानाने थोडी जागा लागते. साहजिकच लहान घन-अवस्था साधनावरही असे अनेक खेळ राहू शकतात.

हवामान व विद्युत् पुरवठा : साधनांची तुलना बहुधा थंड, वातानुकूलित खोली गृहीत धरून केली जाते. वऱ्हाडात ती तशीच लागू पडत नाही. अकोला शहरातील जठारपेठेसारख्या वस्तीत मे महिन्यात बाहेरचे तापमान ४५° से. च्या आसपास किंवा वर जाते आणि पंख्याच्या खोलीत ते दुपारी ४०° से. च्या पुढे राहू शकते. संगणकाच्या पेटीत आणखी १५° ची भर पडल्यास चकती-साधनाचे तापमान ५५° से. च्या वर जाते. बहुतेक चकती-साधनांची कमाल मर्यादा ६०° से. असते, म्हणजे सुरक्षिततेचे अंतर फारच थोडे उरते. घन-अवस्था साधनांची मर्यादा सामान्यतः ७०° से. असते. परंतु जलद एनव्हीएमई साधन स्वतःच पुष्कळ उष्णता निर्माण करते व फार तापल्यास आपली गती आपोआप कमी करते. त्यावर ॲल्युमिनियमाची उष्णता-विसर्जक पट्टी बसविणे व पेटीतील पंख्यांवरील धूळ उन्हाळ्यापूर्वी काढणे हिताचे असते. पाण्याच्या कूलरचा ओलसर झोत संगणकावर थेट येऊ देऊ नये.

राज्याच्या बहुतेक भागांनी २००० नंतरच्या दशकात भारनियमनाचा काळ अनुभवला. पुरवठा अचानक गेल्यास चकती-साधन फिरत्या चकतीच्या उरलेल्या गतीतून वीज मिळवून शीर्ष सुरक्षित जागी नेते. तथापि, त्या क्षणी चालू असलेले लेखन अपुरे राहू शकते. घन-अवस्था साधनात कोणता मजकूर कोणत्या पेशींत आहे याचा तक्ता सतत बदलत असतो. तो बिघडल्यास सर्व साठाच वाचेनासा होण्याचा संभव असतो. यापासून पूर्ण संरक्षण देणारी धारित्रे प्रायः महागड्या औद्योगिक साधनांतच असतात. म्हणून घन-अवस्था साधन बसविणाऱ्याने काही मिनिटे पुरणाऱ्या यूपीएसचा खर्चही हिशेबात धरावा.

टिकाऊपणा : फ्लॅश पेशी ठराविक वेळा लिहून-पुसून झाल्यावर निकामी होते. तथापि, खेळांच्या साठवणीत ही भीती अनाठायी आहे. एक टेराबाइटच्या अनेक साधनांना ६०० टेराबाइट लेखनाची हमी असते. दर आठवड्यास १०० गिगाबाइटचा नवा खेळ उतरविला, तरी वर्षाला ५.२ टेराबाइटच लेखन होते. खेळणे म्हणजे मुख्यतः वाचणे होय आणि वाचनाने पेशी फारशी झिजत नाही. खरा धोका न वापरता ठेवण्यात आहे. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार, लेखनाची हमी पूर्ण वापरून झालेल्या घरगुती घन-अवस्था साधनाने वीज नसताना ३०° से. तापमानात एक वर्ष मजकूर टिकविणे अपेक्षित आहे. नवे साधन याहून पुष्कळ अधिक काळ टिकविते. तापमान वाढेल तसा हा काळ घटतो. म्हणून वापरून जुने झालेले साधन पत्र्याखालच्या माळ्यावर वर्षानुवर्षे ठेवून देणे वऱ्हाडच्या उन्हाळ्यात विशेष धोक्याचे ठरते. दीर्घकालीन साठ्यासाठी चकती अधिक योग्य असते, मात्र तिला धक्का व पडझड सोसत नाही.

खेळ गमावला, तर तो पुन्हा उतरविता येतो. १०० गिगाबाइटांच्या खेळास सेकंदाला ५० मेगाबिट गतीच्या जोडणीवर सु. साडेचार तास, तर १० मेगाबिट गतीवर सु. २२ तास लागतात. घरातील संगणकावर मात्र खेळांशेजारीच लग्नकार्याची छायाचित्रे, मुलांचे अभ्यासाचे लेखन व दुकानाचे हिशेबही असतात. ते पुन्हा कोठूनही उतरविता येत नाहीत. त्यांची दुसरी प्रत वेगळ्या साधनावर असणे हे कोणत्याही साधनाच्या निवडीपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

निवड : किंमत दोन्हींची बदलती असते. ऑक्टोबर २०११ मधील थायलंडच्या पुरामुळे चकत्यांचा जगभर तुटवडा पडला होता. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणक-केंद्रांच्या मागणीमुळे फ्लॅश स्मृतीचे भाव चढले. तरीही तेवढ्याच क्षमतेसाठी चकती स्वस्त पडते हे प्रमाण सामान्यतः कायम राहिले आहे. खरेदी करताना वेष्टनावरील एक टेराबाइट म्हणजे १०१२ असे नव्हे, तर एकावर बारा शून्ये इतके बाइट असतात व विंडोज प्रणाली तेवढ्यासच ९३१ गिगाबाइट असे दाखविते हे लक्षात ठेवावे. त्यात फसवणूक नसून मोजण्याच्या पद्धतीतील फरक असतो.

बेताच्या खर्चात उत्तम व्यवस्था म्हणजे दोन्हींचा संयोग होय. कार्यप्रणाली व सध्या खेळले जाणारे दोन-तीन मोठे खेळ ५०० गिगाबाइट किंवा एक टेराबाइटच्या घन-अवस्था साधनावर ठेवावेत. जुने व लहान खेळ, चित्रपट आणि छायाचित्रांची दुसरी प्रत चकतीवर ठेवावी. जुना संगणक सुधारावयाचा असल्यास साटा जोडणीचे साधे घन-अवस्था साधन बसविणे हाच सर्वांत कमी खर्चाचा व सर्वाधिक जाणवणारा बदल असतो. साधन जवळजवळ पूर्ण भरू देऊ नये. सु. १५ ते २० टक्के जागा मोकळी ठेवल्यास घन-अवस्था साधनाची लेखनगती टिकते. अशा रीतीने वेग जेथे हवा तेथे फ्लॅश स्मृती व साठा जेथे हवा तेथे चकती, अशी विभागणी केल्यास दोन्हींचे गुण पदरात पडतात.