रझाकार आणि निजामाचं सरकार

१९४७ साली सोलापूर जिल्ह्यातलं करकंब हे गाव मुंबई प्रांतात होतं. बार्शी ओलांडली की भारतात सामील व्हायला तयार नसलेल्या हैदराबादच्या निजामाचा उस्मानाबाद जिल्हा लागे. सरहद्दीवरच्या गावांना लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या रझाकार या सशस्त्र संघटनेची दहशत होती. ही संघटना सरकारी नव्हे, पण निजामाने तिला आवरलंही नाही. भारतावर दबाव ठेवायला ती सोयीची, असा हिशेब असावा.

तो लवकरच अंगाशी आला. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे भारताशी करारासाठी दिल्लीला निघालेल्या निजामाच्या शिष्टमंडळाच्या घरांनाच रझाकारांच्या जमावाने वेढा घातला. पोलीस असून नसल्यासारखे! हैदराबादचे पंतप्रधान छत्तारीच्या नवाबांनी राजीनामा दिला आणि रझवींना चालणारे मीर लायक अली त्या खुर्चीवर आले. २९ नोव्हेंबरला 'जैसे थे' करार झाला खरा, पण सरहद्दीवरचे हल्ले चालूच राहिले. हैदराबादची उलट तक्रार होती, की भारतीय हद्दीतल्या छावण्यांतून स्टेट काँग्रेसचे सशस्त्र कार्यकर्ते छापे घालतात. तीही खोटी नव्हती.

शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरहून नळदुर्गावर चालून गेली. १७ तारखेला लायक अलींचं मंत्रिमंडळ गेलं, निजामाने रझाकारांवर बंदी घातली. कैदेत गेलेले रझवी १९५७ मध्ये सुटले आणि पाकिस्तानात गेले.